परत फिरणारा माणूस

सुपरमार्केटसमोरचा रस्ता ओलांडताना शैलजाताई अर्ध्यावरून परत फिरल्या. दोन्ही बाजूंच्या बिनड्रायव्हरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

"आई, दुकानात काही राहिलं का?" पलीकडे पोचलेल्या ऋताने, त्यांच्या लेकीने, विचारलं.

"नाही."

मागच्या वर्षी त्यांचे यजमान मोरेश्वर इथेच असे मागे वळले होते, पिशवीतून पडलेलं लिंबू उचलायला. रस्ता ओलांडणारा माणूस पुढेच जातो, एवढंच तेव्हा गाड्यांना शिकवलेलं होतं. नंतर गाड्यांच्या कंपनीची माणसं घरी आली. मोरेश्वरांच्या शेवटच्या पावलांचं चित्रण शहरातल्या प्रत्येक गाडीला शिकवायचं होतं. शैलजाताई हो म्हणाल्या आणि त्यांनी उठून कुकरखालचा गॅस बंद केला. तेव्हापासून इथे कुणालाही धक्का लागला नव्हता.

ऋता त्यांना न्यायला रस्त्यात आली. "चल ना. गाड्या खोळंबल्यात."

"थांबतात का, ते बघायचं होतं."

ऋताने थांबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबल्या ना?"

"हो. थांबल्या."

आपल्याला रडू येईल असं शैलजाताईंना वाटलं होतं. ते आलं नाही. लेकीचा हात धरून त्या पलीकडे गेल्या, आणि गाड्या निघाल्या.