लाटेकडे पाठ

तिहोती आजही लाटेकडे पाठ करून बसला, तेव्हा मारेवाचं डोकं फिरलं.

नवऱ्याच्या होडीत ती पहिल्यांदाच आली होती. समोर, हाकेच्या अंतरावर, टेआहुपोओ गावची लाट उठत होती. लाट कसली, अख्खा समुद्र उचलून कुणीतरी खडकावर आपटत होतं. होडीच्या फळ्या थरथरत होत्या. लाटेखाली जेमतेम कमरेएवढं पाणी आणि त्याखाली सुरीसारखी धारदार प्रवाळं. मारेवाचा जन्म याच गावातला, तरी तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. तिथंच, लाटेवर स्वार व्हायच्या फळीवर पालथी पडून, तिची लेक पोएरानी लाटेची वाट बघत होती.

“पोरीनं भल्याभल्यांना मागं टाकलं आणि बापानं एकदा वळून बघितलं नाही,” मारेवा म्हणाली. “भाऊ गेला तेव्हापासून तिहोतीनं लाटेची धास्ती घेतलीय, असं म्हणतं गाव.”

“म्हणू दे.” त्याचा एक हात इंजिनवर होता, नजर खुल्या समुद्रावर.

एक देखणी लाट आली. तिहोतीनं डोक्यावरची केवड्याच्या पातीची टोपी काढली. पोएरानीनं लाट सोडून दिली. शेजारच्या होड्यांमधून तिची हुर्यो उडाली. तेवढ्यात मागची लाट आली, पहिलीच्या दुप्पट. ती फुटली तिथं क्षणभर खडक उघडा पडला. हुर्यो करणारे गप्प झाले.

मारेवाला आता कुठं दिसलं. पोरगी लाटेकडे बघतच नव्हती. ती बापाच्या टोपीकडे बघत होती.

समुद्र पुन्हा उचलला गेला. तिहोतीनं टोपी डोक्यावर ठेवली. पोएरानी उठली, निळ्या भिंतीवरून सरळ खाली घसरली आणि लाटेच्या पोटात दिसेनाशी झाली. मग फेसाच्या फवाऱ्यातून ती बाहेर आली, ताठ उभी, हसत. इतकं सुंदर काही मारेवानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिला रडूच फुटलं.

“निघाली का बाहेर?” तिहोतीनं न वळता विचारलं.

“निघाली. तू का नाही बघितलंस रे?”

“भाऊ पडला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो. तो वर आला होता, मारेवा. हात हलवला त्यानं. मागून येणारी लाट कुणीच बघितली नाही.”

मारेवाही मच्छीमाराचीच लेक. समुद्राची उचल तिला लहानपणापासून कळायची. ती उठली आणि लाटेकडे पाठ करून त्याच्या शेजारी बसली. पोएरानी फळीवर पडून हात मारत पुन्हा जागेवर येत होती.

“सरक. इंजिन माझ्याकडे दे, टोपी पण. आता एक तू बघ.”

तिहोती वळला. एक लाट येऊन होडीखालून पुढं सरकली. मारेवानं त्या लाटेच्या मागं दूरवर पाहिलं. समुद्र सपाट होता. तिनं टोपी डोक्यावर ठेवली.

जरा वेळानं होड्यांमधून आनंदाची आरोळी उठली. शेजारी तिहोती लहान मुलासारखा रडत होता.

मारेवानं मान वळवली नाही.