मिस्टरांच्या शेजारची जागा

हरिचंद्रने पहार आपटली आणि पुन्हा खणकन आवाज आला. सकाळपासूनची ही तिसरी जागा.

"कातळ हाय, साहेब," तो चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाला. "हातभर बी माती नाय."

बदलापूरच्या त्या दफनभूमीत आता मोकळी उरली होती ती फक्त कातळाची जागा. फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती आणि तिच्यात सिलास लकडा. सव्वीस वर्षांचा, झारखंडचा, नव्या इमारतींवर सेंट्रिंगचं काम करणारा, दोन दिवसांपूर्वी काविळीने गेलेला. त्याच्या आईने फोनवर एवढंच मागितलं होतं: गावी आणता येत नसेल तर राहू द्या, पण माझ्या लेकाला प्रार्थना करून मातीत ठेवा. त्याच्याबरोबरचे चार कामगार फाटकाशी चपला काढून उभे होते.

पंचमंडळी इकडे बघत होती, तिकडे बघत होती. एका कोपऱ्याकडे मात्र कोणी बघत नव्हतं. तिथे शांतवन अल्हाट यांच्या कबरीला लागून एक पट्टा मोकळा होता. चारी बाजूंनी विटा पुरलेल्या, मधे सदाफुली, आणि माती अशी भुसभुशीत की बोट टेकलं तर आत जावं. ती जागा शांतवनच्या बायकोची, राहेलबाईंची होती. आणि राहेलबाई चांगल्या धडधाकट, त्याच विटांशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. मयताला गाणारं कोणी नाही म्हणून पाळकसाहेबांनीच त्यांना आणि त्यांच्या मुलीला, प्राचीला, बोलावलं होतं.

अकरा वर्षं त्यांनी ती जागा डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. दर रविवारी उपासना झाली की पाण्याची बाटली घेऊन त्या इथे यायच्या. मागच्या पाळकांनी एकदा तिथे नळ घ्यायचं काढलं होतं. राहेलबाईंनी असा काही आवाज लावला की नळ अजून फाटकाबाहेर आहे.

"उल्हासनगरला विचारून बघायचं का?" एक पंच हळूच म्हणाले.

"कालच विचारलं. तिथेही जागा नाही," पाळकसाहेब म्हणाले. हे त्यांनी राहेलबाईंकडे पाठ करून सांगितलं. माणूस भिडस्त होता.

राहेलबाईंना सगळं कळत होतं. आपल्याकडे कोणी मागणार नाही हे कळत होतं, आणि त्याचाच त्यांना राग येत होता. कोणी मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं. त्यांनी मनातल्या मनात मिस्टरांना विचारून पाहिलं. जिवंतपणी विचारलं की मिस्टर जे करायचे तेच त्यांनी आताही केलं. काही बोलले नाहीत.

त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि वाकून पहिली वीट उपटली.

"आई!" प्राची धावत आली. "अगं, काय करतेस? पप्पांच्या बाजूची जागा आहे ती! उद्या तुला कुठे नेणार, माहितेय ना? वांगणीच्या पुढे कुठेतरी जागा मिळाली तर मिळाली. पप्पा इकडे आणि तू तिकडे?"

"माहितेय."

"नंतर रडशील."

"नंतर कशाला? आत्ताच रडू येतंय," राहेलबाई म्हणाल्या, आणि खरंच येत होतं. पदराने नाक पुसून त्यांनी दुसरी वीट काढली. "पण मला तिकडे पोचवायला तू आहेस. ह्याचं इथे कोण आहे? आणि प्रभूने स्वतःसाठी काय राखून ठेवलं होतं, सांग बघू. हरिचंद्र, ये इकडे. सदाफुली मोडू नको, मुळासकट काढ."

हरिचंद्र जागचा हलला नाही. दोन वर्षांपूर्वी याच विटांवर पाय पडला म्हणून याच बाईने त्याला फैलावर घेतलं होतं.

"बाय, नक्की ना?"

"माझं मन फिरायच्या आत खण."

या वेळी पहार आवाज न करता आत गेली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. राहेलबाईंनी गीत धरलं. सूर लागला नाही, तरी शेवटपर्यंत म्हटलं. कामगारांना मराठी येत नव्हती, पण चाल ओळखीची निघाली आणि दुसऱ्या कडव्याला ते आपल्या भाषेत मिसळले. मग सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. राहेलबाईंनी दोन मुठी टाकल्या आणि त्यांना हलकं वाटलं. इतकं हलकं का वाटावं, हे त्यांनाही कळेना.

एका कामगाराने सिलासच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन सगळीकडे फिरवून दाखवला. डोक्यावर पदर घेतलेली ती बाई फोन अगदी डोळ्यांजवळ धरून बघत होती.

"बगल में कौन है?" तिने विचारलं.

कामगाराला दगडावरचं पुसट झालेलं नाव लागेना. त्याने फोन राहेलबाईंच्या हातात दिला.

"मेरे मिस्टर है," राहेलबाई म्हणाल्या. "एकदम सीधा आदमी. किसी को कुछ त्रास नहीं. बस, रात को वो जरा..."

घोरण्याला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना. त्यांनी प्राचीकडे पाहिलं. प्राचीने ओळखलं आणि मान फिरवली. तेव्हा भर दफनभूमीत, पाळकसाहेबांदेखत, राहेलबाईंनी फोनमध्ये घोरून दाखवलं.

पलीकडची आई रडता रडता हसली.

"अच्छा है, दीदी," ती म्हणाली. "सुनसान में उसको नींद नहीं आती. छह भाई-बहन के बीच सोया है."