भिंतीकडचे रुआन

फेस्टसने फावडं मातीत रोवलं, एक ढेकूळ उपसलं आणि पुन्हा हात थांबवला.

"अरे, खण की," डेलिया म्हणाली. ती नवऱ्यासाठी चहा घेऊन कबरस्तानाच्या बुटक्या भिंतीवर बसली होती. "बाराला फादर येतील. एवढ्याशा पेटीपुरता खड्डा, त्याला किती वेळ लावशील?"

"जेराल्डच्या पोरीला आधी खरं सांगायला हवं."

"सात वर्षं गप्प बसलास. आता माणूस गेला, आणि आता तुला खऱ्याचा पुळका आलाय."

बायको बोलली ते खरंच होतं.

सात वर्षांपूर्वी जेराल्ड रुआन नावाचा म्हातारा अमेरिकेतून आयर्लंडला, त्यांच्या गावात आला आणि त्यांच्या फाटकाशी उभा राहिला. माझे पूर्वज इथले, म्हणाला. आता या गावात निम्मी घरं रुआनांची. फेस्टसही रुआनच. एकमेकांना ओळखायला घराघराला टोपणनावं. फेस्टसचं घर म्हणजे 'तांबडे रुआन'. जेराल्डला आपलं घर कुठलं ते ठाऊक नव्हतं. पणजोबा बहुतेक मार्टिन, बटाटे सडले त्या दुष्काळात देश सोडला, एवढंच सांगता येत होतं.

चर्चमधली बाप्तिस्म्यांची वही त्यानंतर वीस वर्षांनी सुरू होते. त्याआधीचे फादर कोणाच्याही स्वयंपाकघरात पोरांच्या डोक्यावर पाणी घालत आणि पुढच्या घरी जात. कागद नाही म्हटलं की बाकीचे अमेरिकन हिरमुसतात. जेराल्ड मात्र समजूतदारपणे मान हलवत राहिला आणि फेस्टसच्या मागे मागे फिरत राहिला.

'मला माहीत नाही' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण फेस्टसचं गवत कापून शेतात पडलं होतं, समुद्राकडून आभाळ काळं होत होतं आणि हा पाहुणा काही केल्या हलत नव्हता. वेळ मारून न्यायची म्हणून फेस्टस म्हणाला, "मार्टिन ना? मग तुम्ही भिंतीकडचे रुआन." असं कुठलंही घर गावात नव्हतं. कबरस्तानाच्या भिंतीलगत एक वाकडा, बिननावाचा दगड होता, तो त्याने दाखवला. कबरींना पवित्र पाणी शिंपडतात त्या रविवारी प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं राहतं. त्या दगडापाशी कोणीच नसायचं, म्हणजे कोणी भांडायलाही येणार नव्हतं.

जेराल्ड ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला, टोपी काढली आणि हुंदके देऊन रडला. फेस्टसने ते पाहिलं आणि तरीही तो गवत गोळा करायला निघून गेला.

मग जेराल्ड दर जुलैत यायला लागला. दगडावरचं शेवाळ खरवडायचा, पवित्र पाण्याच्या त्या रविवारी फुलं घेऊन एकटाच ताठ उभा राहायचा आणि मग फेस्टसच्या टेबलावर बसून कोबी आणि डुकराचं मटण खायचा. नाताळच्या शुभेच्छांची सुरुवात 'प्रिय चुलतभाऊ' अशी असायची. हल्ली थुंकी तपासून नाती सांगतात, तेही एकदा फेस्टसने घाबरत घाबरत सुचवून पाहिलं. निदान यंत्र तरी खरं बोलेल असं त्याला वाटलं होतं.

"कशाला?" जेराल्ड म्हणाला होता. "मला तुझा शब्द पुरे आहे."

दर वर्षी फेस्टस ठरवायचा, यंदा सांगायचंच. दर वर्षी जीभ रेटायची नाही. आणि या वसंतात निरोप आला: जेराल्ड गेला, त्याची राख मार्टिनशेजारी पुरावी अशी त्याची इच्छा आहे. इथे कबर खणायची ती घरच्यांनीच, त्यामुळे फावडं फेस्टसच्या हाती आलं. गाडीभर गवतासाठी आपण एका भल्या माणसाला कायमचं परक्यांत निजवतो आहोत, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटत होती.

फाटकाशी गाडी थांबली. जेराल्डची मुलगी पॉला लाकडी पेटी छातीशी धरून आली. डेलियाने तिला जवळ घेतलं, चहाचा कप पुढे केला. पॉलाने तो घेतला नाही. ती फेस्टसकडे बघत होती.

"तुम्ही स्वतः खणताय, काका?"

'काका' ऐकून फेस्टसने फावडं खाली टाकलं. "पॉला, फादर यायच्या आत तुझ्याशी बोलायचंय. हा दगड आहे ना…"

"आधी मला बोलू द्या." पॉलाने त्याला थांबवलं. "नंतर मला जमणार नाही. बाबांनी शपथ घातली होती, पण तुम्हाला असं घाम गाळताना बघून मला राहवत नाही. ऐकून घ्या, आणि 'घेऊन जा' म्हणालात तर मी पेटी घेऊन परत जाईन."

डेलियाने कप भिंतीवर ठेवला.

"बाबा रुआन नव्हते. अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडले होते. आश्रमात दूध घालणारा रुआन होता, त्याचंच आडनाव तिथल्या सिस्टरनी लावलं. मार्टिन वगैरे कोणी नव्हता. ते नावही बाबांनीच काढलं."

फेस्टसने त्या वाकड्या दगडाकडे बघितलं. "अगं, पण मग इतक्या लांब… आमच्याच गावात कशाला आला तो?"

पॉलाने पेटीवरचा हात काढला नाही.

"निवृत्त झाल्यावर वर्षभर ते आयर्लंडमधल्या चर्चच्या वह्यांचीच माहिती काढत होते. आम्हाला वाटायचं, सगळ्यात जुनी वही शोधताहेत. ते रुआनांच्या गावांमधली सगळ्यात उशिरा सुरू झालेली शोधत होते, काका. वही उघडून 'तू आमचा नाहीस' असं कोणी म्हणू शकणार नाही, असं गाव हवं होतं त्यांना."