आधी टेकडीला पाणी

विरोधी पक्षनेत्या असताना बाई प्रत्येक सभेत गरजायच्या, “आमचं सरकार आल्यावर आधी टेकडीवरच्या वस्तीला पाणी, मग मंत्र्यांच्या बंगल्यांना!” सरकार आलं. मुख्यमंत्री झालेल्या बाई टेकडीखालच्या पंपघरात पोहोचल्या, तेव्हा अभियंत्याने हात जोडले. “नवा पंप येईपर्यंत पाणी एकाच बाजूला जाईल. बंगल्यांचं तोडलं, तर मंत्री बिथरतील, सरकार पडेल. प्रचारातलं बोलणं कोण मनावर घेतं?” “मी घेते,” म्हणत बाईंनी व्हॉल्व्हचं गंजलेलं चाक वस्तीकडे फिरवलं. लगेच नवऱ्याचा फोन आला. “अगं, तोंडाला साबण लावलाय, पाणी गेलं!” “वस्तीतल्या बायकांसारखी बादली भरून ठेवत जा,” बाई हसल्या. मंत्र्यांचेही फोन सुरू झाले. तेवढ्यात टेकडीवर भांडी खणखणली, एक म्हातारी ओरडली, “आलं गं, खरंच आलं!” बाईंनी फोन अभियंत्याच्या हातात दिला. “सांगा, मुख्यमंत्री पाणी भरायला गेल्यात.”