चंपतरावांची बंदूक

पुन्हा अडली.

उद्धवरावांनी बंदुकीच्या पुढच्या लाकडी मुठीवर हात घट्ट बसवला आणि ती मागं ओढली. मूठ निम्म्यावर आली, करकरली आणि हट्टी म्हशीसारखी तिथंच उभी राहिली. पंपाची बंदूक ती. मूठ मागंपुढं झाल्याशिवाय काडतूस नळीत जात नाही. काडतुसं वर फळीवर होती, नळी रिकामी होती आणि घड्याळात साडेसहा वाजले होते. दहाला इचोड्याच्या बँकेत मॅनेजरसमोर ही मूठ पाच वेळा सरकवून दाखवायची होती. नाही सरकली, तर चंपतरावांची जागा दुसऱ्याला जाणार होती.

जागा म्हणजे बँकेच्या दारातलं एक स्टूल. पण त्यावर नऊ वर्षं चंपतराव बसलेले. ओठांवर भरघोस मिशा, चापून बसवलेले चकचकीत केस, मांडीवर आडवी बंदूक. बाजाराच्या दिवशी झिंगून फिरणारे गडीसुद्धा बँकेसमोरून जाताना सरळ रेषेत चालत. नऊ वर्षांत दरोडा तर सोडाच, बाहेर लावलेली सायकलसुद्धा कुणी हलवली नाही. आता गुडघे थकले म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बंदूक उद्धवरावांना विकली. कचेरीची परवानगी, ठाण्यातली नोंद, सगळं रीतसर झालं.

उद्धवराव फौजेतून आलेले खरे, पण अंगानं काडी आणि आवाजानं मवाळ. फौजेत त्यांचा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला. घरी आल्याला दीड वर्ष झालं होतं. चहाच्या टपरीवर लोक आतापासूनच विचारत होते, “चंपतरावाच्या स्टुलावर हा बसन?”

चार दिवस ते बंदुकीच्या मागं लागले होते. पहिल्या दुपारी त्यांनी ती सगळी उघडली. काडतुसांच्या नळीला पोचा नव्हता. मुठीला जोडलेल्या दोन्ही पट्ट्या सरळ होत्या. स्प्रिंग धड होती. आत काळपट तेल चमकत होतं, म्हणजे कोरडी पडली म्हणावं तर तेही नाही. परत जोडली, तर मूठ अलगद सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पुन्हा गच्च. काल शेवटी बसनं निर्मल गावातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेली. भर दुपारी त्यानं एका हातानं मूठ दहा वेळा मागंपुढं केली आणि हसला. “साब, ये तो मक्खन है. आप ही जरा ढीले पड गए.”

रेणुकाबाई न्हाणीतून केस पुशीत बाहेर आल्या. “सरकली?”

“नाही.”

“मंग आपली दोघाइची सारखीच गत.” त्यांनी खोबरेल तेलाची बाटली तळहातावर उपडी करून दोनदा आपटली. थेंब पडेना. “माहं तेलबी नाही निघून राह्यलं. दुपारी पान्यावानी, आन् सकाळी पाहा तर दगड.” त्यांनी बाटली चुलीजवळ ठेवली.

उद्धवराव बाटलीकडे बघत राहिले. मग बंदूक उचलून त्यांनी मुठीच्या फटीत नाक खुपसलं.

“रेणुका, इकडं ये. वास घे.”

“बंदुकीचा? सकाळी सकाळी?”

“घे तर.”

त्या वाकल्या, हुंगलं आणि मटकन खाली बसल्या. हसू आवरेना. “अवो बाई! चंपतभाऊचं डोकं आन् बंदूक एकाच बाटलीवर चालून राह्यली होती काय? तुमाले फौजेत हे नाही शिकवलं?”

“फौजेत बंदुकीले कोनी वेणी नाही घालत,” उद्धवराव म्हणाले आणि तेही हसत सुटले.

जुन्या धोतराचं फडकं निघालं. रॉकेल निघालं. नऊ वर्षांचं खोबरेल धुळीत कालवून आत काळं लोणी होऊन बसलं होतं, ते सगळं निघालं. मग रेणुकाबाईंनी आपल्या शिलाई मशीनची कुपी आणली आणि मोजून दोन थेंब सोडले. उद्धवरावांनी मूठ ओढली. सर्र, खट्. रेणुकाबाईंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, “आनखी एकडाव.” असं वीसदा झालं. चहा उतू गेला, तो कुणी पाहिला नाही.

बँकेत मॅनेजरनं मफलर कानावर ओढला. “हाँ जी, चलाके दिखाओ.”

उद्धवरावांनी बंदूक रिकामी असल्याचं आधी दाखवलं आणि नळी छताकडे केली. सर्र, खट्. स्लिप भरायला आलेली माणसं दोन पावलं मागं सरली. सर्र, खट्. कॅशियर नोटा धरून तसाच थांबला. पाचव्या वेळी मॅनेजर स्वतःच सावधान उभा होता. “बस जी, बस! कल से नहीं, आज से बैठो!” रांगेतून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळी बँक वाजवू लागली. उद्धवरावांची छाती कधी नव्हे ती सदऱ्याला पुरून उरली.

सवयीनं आपल्या जुन्या स्टुलावर येऊन बसलेले चंपतराव एकटेच टाळी वाजवत नव्हते. त्यांचे डोळे विस्फारले होते. ते स्टुलावरून उठले, उद्धवरावांना दंडाला धरून खांबाआड घेऊन गेले, मागं कुणी नाही ना पाहिलं आणि एका बोटानं ती मूठ हळूच मागं ढकलली.

“आरं उद्धव, हे सरकते?” ते कुजबुजले. “मले वाटे, थंडीत लोखंड हाताले झोंबू नये म्हनून लाकूड बसवलं असन.”