भागीदारीतला पूल

जुन्या पुलाचा कठडा नदीत कोसळला, तेव्हा सरकारी इंजिनियर नव्या पुलाच्या उद्घाटनाच्या मांडवात चहा घेत होता. आवाज ऐकून तो कप तसाच ठेवून धावला.

जुना पूल हाकेच्या अंतरावर होता. या टोकाला पोकलेन उभं राहून दगडी कमान फोडत होतं.

"थांबव," इंजिनियर म्हणाला.

ऑपरेटरनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे पाहिलं. मागे टोल कंपनीचा मॅनेजर उभा होता. त्यानं बोटानंच खूण केली, चालू दे. पुढचा घाव बसला.

"हा पूल सरकारी आहे."

"सरकार आणि आम्ही आता भागीदार आहोत, साहेब. जवळपास दुसरा पूल ठेवायचा नाही, असं करारात आहे. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील?" मॅनेजर शांतपणे म्हणाला. "तुमच्या वरच्यांनी सही केलीय. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

जुना पूल आहे तसाच राहणार, असं पलीकडच्या गावाला इंजिनियरनं स्वतः जाऊन सांगितलं होतं.

खिशातला फोन वाजला. ताई होती. ती पलीकडच्या दवाखान्यात नर्स. सकाळी याच पुलावरून चालत कामावर गेली होती. आता समोरच्या काठावर फोन कानाला लावून उभी असलेली त्याला दिसली. तिच्या मागे माणसं जमत होती.

"अरे, हे काय चाललंय? आता आम्ही घरी यायचं कसं? नव्या पुलावरून चालत येऊ देतील ना?"

त्यानं मॅनेजरला विचारलं.

"चालत? तो गाड्यांचा पूल आहे. फूटपाथ कुठाय त्याला?" मॅनेजर खरोखरच बुचकळ्यात पडला. "आराखडा तुम्हीच केलात ना? चालणाऱ्यांना जुना पूल आहेच, म्हणून फूटपाथ तुम्हीच वगळलात."

समोर कमानीचा मधला भाग सुटला आणि पाण्यात गेला. धूळ उडाली, पलीकडचं काही दिसेना.

फोन मात्र चालू होता.

"ऐकतोयस ना?" ताई विचारत होती. "इथं सगळे घाबरलेत रे. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, माझा भाऊ तिथंच आहे."