मारोतरावच्या दुकानातलं गाडगं

"ते विकाचं नाही, साहेब. कोणाची तं ठेव हाय," मारोतराव तुपाच्या गाडग्यावर हात ठेवून म्हणाला.

वाशिमहून आलेला सरकारी तपासनीस इंद्रभान हसला. वनस्पती तूप बाजारात आल्यापासून भेसळीच्या तपासणीत हे उत्तर त्याच्या कानांना सवयीचं झालं होतं. जऊळक्याच्या स्टेशनाबाहेरचं हे दुकान तर नावाजलेलं. आसपासच्या खेड्यांतल्या कोणाला वाशिमला काही धाडायचं असलं, की ते इथे आणून ठेवत आणि मारोतराव गाडीने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती ते देई. असल्या साळसूद माणसांचाच इंद्रभानला जास्त राग येई.

त्याने चिमूटभर तूप तळहातावर चोळलं, वास घेतला.

"अर्धं डब्यातलं वनस्पती हाय यात. मले नोका शिकवू. इंद्रभान मनतात मले. माही माय घरच्या म्हशीचं तूप कढवते, त्यावर वाढलो मी. कोणाचं हाय हे? नाव सांगा, तुमाले सोडतो."

मारोतरावने बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्याने गाडगं आपल्याकडे ओढलं.

"माहंच हाय," तो म्हणाला. "विकालेच ठेवलं होतं."

आतल्या दारात त्याची मुलगी हिरी उभी होती. तिचं लग्न केनवडला ठरलं होतं.

"बाबा, सांगून टाका न!" ती रडू लागली.

"चूप! आत जाय."

इंद्रभान काय ते समजला. घरातल्याच कोणाचा तरी हा उद्योग, आणि बाप पांघरूण घालत होता. त्याने नमुना सीलबंद केला.

नागपूरहून तपासणीचा कागद आला आणि वाशिमच्या कोर्टात मारोतराव हात जोडून उभा राहिला.

"गुन्हा कबूल हाय. गोष्ट माह्यावरच थांबू द्या, साहेब."

दंड झाला. जऊळक्याच्या बाजारात त्याच्या नावाची दवंडी पिटली गेली. दुसऱ्याच दिवशी केनवडच्या मंडळींनी लग्न मोडलं. भेसळ करणाऱ्याची पोरगी त्यांना नको होती. मारोतराव दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. लोकांनी त्याच्याकडे सामान ठेवणंही बंद केलं. ते ऐकून इंद्रभानला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोट्या तुपाला सूट द्यायची तरी कशी?

आई महिनाभर तापाने पडून असल्याचा निरोप आला, तसा तो गावी गेला. अंगणात शिरताच त्याला गोठा रिकामा दिसला.

"माय, म्हैस कुठी हाय?"

"मेली, बापा. तुले उगाच घोर कायले, मनून कळवलं नाही."

आई कशीबशी उठून बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुनेचे दिवस भरत आले. तिच्या लाडवाले तूप कमी पडू नोको, मनून शेवटच्या तुपात म्या डब्यातलं मिसळलं. लाज वाटते रे, पर काय करू? गाडगं मारोतरावच्या दुकानी ठेवाले धाडलं होतं. भला माणूस हाय तो. पोचवलं न त्यानं तुले?"